बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातील मराठी शाळेत चौथीच्या मुलांना बाष्पीभवन प्रयोगशाळेशिवाय कसे शिकवावे?

दोन स्टीलची ताटे आणि एक उभा पेला घेऊन प्रत्येकात पन्नास मिलिलिटर पाणी मोजून घाला, एक ताट झाकून ठेवा आणि तिन्ही भांडी सकाळच्या प्रार्थनेनंतर उन्हात मांडा. उघड्या ताटातील पाण्याचा पृष्ठभाग मोठा असल्याने ते शाळा सुटेपर्यंत बहुधा आटते, पेल्यातील पाणी मात्र बऱ्यापैकी शिल्लक राहते, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला जमलेले थेंब पाहून पाणी नाहीसे होत नाही, ते वाफेच्या रूपाने हवेत जाते, हे मुलांच्या ध्यानात येते. मातीचे भांडे टाळावे; मी याच भागात प्राथमिक वर्गांना शिकवत असताना कुंडीखालच्या परळात हा प्रयोग केला, तेव्हा ‘पाणी मातीनं पिलं गुरुजी’ असे उत्तर आले, आणि ते चूकही नव्हते. ‘बाष्पीभवन’ हा शब्द शेवटी सांगावा. आधी अंगणात वाळणारे कपडे आणि कुरडया यांच्याविषयी बोलावे. मात्र जून ते सप्टेंबर या काळात खानापूर, कणकुंबी भागातील हवा इतकी दमट असते की ताट दुसऱ्या दिवशीही ओलेच सापडेल, म्हणून हा पाठ फेब्रुवारी-मार्चमध्ये घ्यावा.