डोलकर म्हणजे डोलणारा नव्हे

नागपूर, पोळ्याचा दिवस

चि. सोनूस,

परवा फोनवर तू विचारलेस, "आई, आपण कोळी नाही ना? मग मंडळाच्या गणपतीत मी त्यांचे कपडे घालून का नाचू?" मी "बघू" म्हणून विषय बदलला, पण प्रश्न लागला.

आजीच्या कपाटावर तो फोटो अजून आहे. चौथीच्या स्नेहसंमेलनात आजीचे हिरवे लुगडे गुडघ्यापर्यंत कसून नेसलेली मी, आणि शेजारी काजळाच्या मिशा काढून नाखवा झालेली मावशी, हातात पुठ्ठ्याचे वल्हे. समुद्र आमच्यापासून आठशे किलोमीटर दूर. फुटाळा तलावाचे पाणी हाच आमचा दर्या. गाणे होते 'मी डोलकर', आणि डोलकर म्हणजे डोलणारा अशी बाईंचीही समजूत असल्यामुळे त्यांनी आम्हाला शेवटपर्यंत नुसते डोलत ठेवले. डोल हे जाळ्याचे नाव आहे, हे मला लग्नानंतर मुंबईला गेल्यावर कळले. समुद्रात रोवलेल्या खुंटांना हे पिशवीसारखे जाळे बांधतात, भरती-ओहोटीच्या ओढीने बोंबील आणि जवळा त्यात शिरतो, आणि ते लावणारा तो डोलकर. म्हणजे ज्या शब्दात एका माणसाचे सगळे कसब आणि त्याचा तोरा होता, त्याची आम्ही मान डोलावणी करून टाकली होती.

बरे, ते गाणे लिहिणाऱ्या शांता शेळके इंदापूरच्या, आणि लताबाईंबरोबर गाणारे हेमंतकुमार बंगाली. मग ते कोळ्यांचे म्हणायचे की नाही? उरणकडच्या माझ्या कोळी मैत्रिणीच्या हळदीला बँडवर तेच वाजले, तेव्हा तिच्या घरच्या म्हाताऱ्यासुद्धा उठून नाचल्या. मात्र त्याआधी मांडवात धवलारणीने धवले, म्हणजे लग्नविधीची पारंपरिक गाणी, म्हटली, तेव्हा सगळ्या जणी पदर सावरून गप्प बसल्या होत्या. मला त्यातले चार शब्दही कळले नाहीत. पण घर त्यांचे होते आणि मी पाहुणी होते, हे मला बँड वाजताना नव्हे, तेव्हा जाणवले.

खरे टोचते ते वेगळेच. भंडाऱ्याच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांतली मासोळी घेऊन मासेमार ढिवर समाजाची एक बाई आमच्या दारी येत असे. आजी तिच्याशी भाव करी, तिला पाणी देई, पण तिचे गाणे कोणते, हे आम्ही कधी विचारले नाही. मासेमार दारात होते आणि आम्ही आठशे किलोमीटरवरच्यांचा वेष चढवत होतो. तरीही त्या संध्याकाळी मी खोटी होते, असे मला म्हणवत नाही. वल्हे पुठ्ठ्याचे होते, पण आनंद खरा होता. हे कदाचित मी स्वतःचीच बाजू घेण्यासाठी म्हणत असेन.

उद्या काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे त्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघेल, आणि "घेऊन जा गे मारबत" अशी आरोळी घरापर्यंत ऐकू येईल. आजी मघाशी म्हणाली, "हे काऊन नाही नाचत वं तुम्ही तिकडं?" माझ्याजवळ उत्तर नव्हते.

ते हिरवे लुगडे मी बॅगेत ठेवले आहे. नेसायचे की नाही, ते तूच ठरव. नाही नेसलीस तरी मी रुसणार नाही. नेसलीस, तर काष्टा मी घालून देईन, आणि नाच बसवणाऱ्या ताईंना डोल म्हणजे काय, ते तू सांग.

तुझी,
आई