आईची कॉमेंट फक्त आईलाच दिसते

'आई ६८ वर्षांची आहे. बाबा गेल्यापासून दिवसभर फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर असते. पन्नास वर्षांनी शाळेतल्या मैत्रिणी तिथेच सापडल्या, तेव्हा मलाही बरं वाटलं होतं. पण आता परदेशातला कुणी डॉक्टर तिला रोज 'जेवलात का' विचारतो. त्याने पाठवलेलं पार्सल म्हणे कस्टममध्ये अडकलंय, सोडवायला पैसे हवेत. ती माझं ऐकत नाही. माझ्या प्रत्येक फोटोखाली काहीबाही लिहायची म्हणून तिला मी केव्हाच रिस्ट्रिक्ट केलंय. तिची खाती बंद करून टाकू का?'

नका करू. मैत्रिणी तेवढ्या जातील. तो इसम एव्हाना व्हॉट्सॲपवर येऊन बसला असेल. तो डॉक्टर नाही आणि पार्सलही नाही. एकदा पैसे दिले की दंड निघतो, मग कर, मग आणखी काही. पैसे गेले असतील तर आजच बँकेला आणि पोलिसांना कळवा, मेसेज पुसू नका.

मी अडले ते 'केव्हाच रिस्ट्रिक्ट केलंय' इथे. त्याने काय होतं, ठाऊक आहे ना? आई तुमच्या फोटोखाली लिहिते, 'किती वाळलीस गं.' तिच्या फोनवर ते नीट दिसतं. इतर कुणालाच दिसत नाही, आणि तुम्हालाही मुद्दाम उघडलं तरच. तिचा मेसेज वेगळ्या कप्प्यात पडतो. तुम्ही वाचला की नाही, हेही तिला कळत नाही. इन्स्टाग्रामने ही सोय २०१९ मध्ये आणली ती छळ सोसणाऱ्या मुलांसाठी. छळणाऱ्याला ब्लॉक केलं तर तो आणखी पिसाळतो, म्हणून त्याच्या नकळत त्याचं तोंड बंद करायचं. तुम्ही ते आईवर वापरलंत. मला राग आलाय आणि तो मी लपवणार नाही. बाबा गेल्यावर ती लेकीशी बोलत राहिली, लेकीला ऐकूच गेलं नाही. मग विचारपूस करणारा कुणी भेटला, तर ती त्याचंच ऐकणार ना?

आज रात्री ते रिस्ट्रिक्शन काढा. झाकलेल्या कॉमेंट एकेक उघडून वाचा, वर अगदी पहिलीपर्यंत जा, आणि प्रत्येकीखाली उत्तर लिहा. मग लगेच फोन करा. पैसे पाठवू नकोस, हे तिला सांगायचंच आहे. पण त्याआधी ती जेवली का, ते विचारा, आणि काय जेवली हे ती सांगेल ते पुरतं ऐकून घ्या.