जलरंगात बर्फाचे डोंगर करडे आणि सपाट दिसतात. छटा एकमेकींत अलगद कशा मिसळायच्या?

सावलीसाठी काळ्यात पांढरा मिसळता असं तुम्ही लिहिलंय, घोळ तिथेच आहे. बर्फाची सावली निळी असते, कारण जिथे ऊन पोचत नाही तिथे आकाशाचा निळा उजेड पडतो. काळा बाजूला ठेवा. मी अल्ट्रामरीन या गडद निळ्या रंगात किंचित बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी, घालते. अल्ट्रामरीनचे कण खरखरीत कागदाच्या खाचांत बसतात आणि बर्फाला आपोआप पोत येतो.

दार्जिलिंगहून पहाटे दिसणारा कांचनजंगा घ्या. उंची ८,५८६ मीटर, त्यामुळे ऊन आधी त्याच्या माथ्यावर येतं आणि पायथा बराच वेळ निळ्या सावलीत राहतो. वर केशरी, खाली निळा. हे दोन रंग थेट भिडले की करडाच होणार! मध्ये गुलाबीचा पट्टा हवाच. केशरी गुलाबीत विरतो, गुलाबी आणि निळा मिळून जांभळट होतात, मळकटपणा येत नाही. गुलाबीसाठी अलिझरीन क्रिमसन हा गडद लाल खूप पातळ करून वापरा. पहाटेच्या चित्रात कोरा पांढरा ठेवायचा मोह टाळा, उन्हातला बर्फही तेव्हा रंगीतच असतो.

आता ओल. ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, म्हणजे जाड) कॉटन कागद घ्या, डोंगराच्या आकारात स्वच्छ पाण्याने भिजवा आणि थांबा. पाण्याचं तळं दिसत असताना रंग लावू नका. चमक मंदावू लागली की लावा. पट्टे जिथे भेटतात तिथे ब्रश फिरवायचा नाही, बोर्ड तिरका करून रंगांना आपसूक मिसळू द्या. यात घाई करणाऱ्यांची चित्रं मला लगेच ओळखू येतात. ब्रशमध्ये कागदापेक्षा जास्त पाणी असेल तर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे डाग उठतात. पावसाळ्यात मुंबई-कोकणात कागद वाळायला फार वेळ लागतो, तेव्हा दुसरा थर द्यायच्या आधी हाताची पालथी बाजू लावून बघा. गार लागला तर आत ओल आहे.

दूरचे काळे खडक निळसर फिके करा, पण दूरचा उन्हातला बर्फ निळा करू नका. त्याच्याकडून येणाऱ्या पांढऱ्या उजेडातला निळा भाग वाटेत हवेत विखुरतो, म्हणून तो किंचित पिवळट दिसतो. येलो ऑकर या मातकट पिवळ्याचा अगदी पातळ हात पुरतो.

जमलं तर कुलू खोऱ्यातल्या नग्गरला जा. रशियन चित्रकार निकोलाय रोरिख १९२८ पासून १९४७ मध्ये मृत्यू होईपर्यंत तिथे राहिले, त्यांचं घर आता संग्रहालय आहे. त्यांचं माध्यम जलरंग नाही, बहुतेक टेम्पेरा (चिकट द्रवात कालवलेली रंगपूड), पण एकेका डोंगरात निळ्याचे किती थर आहेत ते जवळून पाहण्यासारखं आहे.