नव्वद दिवस म्हणजे तीन महिने नव्हेत

*प्रश्न : माझी मुलगी जर्मनीत म्युनिकला असते. तिला डॉक्टरांनी जूनअखेरची तारीख दिली आहे. बाळंतपणासाठी १० जूनला पोहोचावं आणि निदान चार महिने राहावं असं वाटतं. मधे आठवडाभर झुरिकला बहिणीकडेही जाईन. यजमान हयात नाहीत. मला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, आयकर विवरणपत्र कधी भरलेलं नाही. कोणता व्हिसा मागू?*

ताई, आधी मनाविरुद्धचं सांगून टाकते, म्हणजे लेकीला आत्ताच पुढची सोय बघता येईल. चार महिने मिळणार नाहीत. तुम्हाला मागायचा आहे तो शेंगेन व्हिसा (शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं असा युरोपातल्या देशांचा गट), अल्प मुदतीचा, म्हणजे ‘सी’ प्रकारचा. त्यावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. त्याहून जास्त राहण्यासाठी ‘डी’ प्रकारचा राष्ट्रीय व्हिसा असतो, पण तो शिक्षण, नोकरी, जोडीदाराकडे कायम राहायला जाणं अशा कारणांसाठी. बाळंतपणाला आलेली आई त्यात बसत नाही. तिथे गेल्यावर मुदत वाढवून घेऊ, असंही कुणी सांगितलं तर ऐकू नका. अचानक गंभीर आजारपण आलं, विमानंच बंद पडली, अशा अपरिहार्य प्रसंगीच ती मिळते.

आता हे ९० दिवस मोजायचे कसे, ते नीट बघा, कारण भले भले इथे चुकतात. पोहोचल्याचा दिवस धरायचा आणि निघाल्याचाही. तुम्ही १० जूनला उतरलात तर जूनचे २१, जुलैचे ३१, ऑगस्टचे ३१ मिळून ८३ झाले. उरले सात. म्हणजे ७ सप्टेंबर हा तुमचा शेवटचा दिवस. ‘तीन महिने’ म्हणून १० सप्टेंबरचं तिकीट काढलंत, तर तीन दिवस बेकायदा राहिल्याची नोंद होईल आणि पुढच्या प्रत्येक अर्जात ती आडवी येईल. पूर्वी विमानतळावरचा अधिकारी शिक्के बघून दिवस मोजायचा. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमांवर बोटांचे ठसे आणि चेहरा घेऊन ये-जा संगणकात नोंदवायला सुरुवात झाली आहे. मोजणी आता यंत्रच करतं.

झुरिकचा आठवडा याच नव्वदात धरायचा. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, पण शेंगेनमध्ये आहे. तिथे गेल्यानं दिवस थांबत नाहीत आणि वेगळा व्हिसाही लागत नाही. अर्ज मात्र जर्मनीकडेच करायचा, कारण मुक्काम जास्त तिथे आहे.

हातात व्हिसा आला की लगेच तीन रकाने वाचा : कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, किती दिवस, आणि किती वेळा प्रवेश. तारखांमध्ये बहुधा पंधरा दिवस जास्तीचे दिलेले असतात, प्रवास पुढे-मागे झाला तर अडचण नको म्हणून. ती राहण्याची परवानगी समजू नका. राहायचं ते ‘दिवस’ या रकान्यात लिहिलेत तेवढेच.

पैशांचं म्हणाल, तर विवरणपत्र नाही म्हणून धीर सोडू नका. तुमच्या लेकीनं किंवा जावयानं म्युनिकच्या परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन तुमच्या खर्चाची औपचारिक हमी द्यावी. तिला जर्मनीत ‘फेरफ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग’ म्हणतात. नाव लांबलचक आहे, पण काम सरळ आहे : त्यांची मिळकत तपासून कार्यालय शिक्क्याचा कागद देतं, शुल्क २९ युरो. मूळ प्रत तुमच्याकडे पोहोचली पाहिजे, ईमेलनं आलेली चालत नाही. कागद झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत तो व्हिसासाठी वापरावा लागतो, म्हणून फार आधी करून ठेवू नका. पण त्या कार्यालयाची वेळ चटकन मिळत नाही, तेव्हा वेळ आजच मागायला सांगा.

हमीनं खर्चाचा प्रश्न सुटतो. तुम्ही परत येणार, हे मात्र तुमच्याच कागदांतून दिसायला हवं. निवृत्तिवेतनाचं पुस्तक, घर तुमच्या नावावर असेल तर त्याचा उतारा, मुदत ठेवी, इथे दुसरं मूल असेल तर त्याचा उल्लेख. सोबत साध्या भाषेत एक पत्र लिहा : मुलीचं बाळंतपण आहे, १० जूनला जाते, ७ सप्टेंबरच्या आत परत येते, माझं घर नि निवृत्तिवेतन इथे आहे. एजंटकडून छापील मजकुराचं पत्र घेऊ नका. तुमचं खरं कारण इतकं स्वच्छ आहे की ते तुमच्याच शब्दांत जायला हवं. लेकीच्या निमंत्रणातल्या, विम्यातल्या आणि विमानाच्या आरक्षणातल्या तारखा एकच असू द्या. माझ्याकडे येणाऱ्या फायलींमध्ये कागद कमी असल्यापेक्षा कागदांचं आपसात न जुळणं जास्त दिसतं.

विमा किमान ३०,००० युरोंचा हवा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा हवा. रक्तदाब, मधुमेह असेल तर जुन्या आजारांबद्दल त्यात काय लिहिलंय ते मुलाबाळांपैकी कुणाकडून तरी शब्दन्‌शब्द वाचून घ्या. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर आणखी तीन महिने चालणारा आणि दोन कोरी पानं असलेला लागतो. शुल्क ९० युरो, अर्ज केंद्राचा आकार वेगळा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, म्हणजे तुम्हाला १० डिसेंबरपासून. निकाल साधारण पंधरा दिवसांत येतो, पण पंचेचाळीसही लागू शकतात. मार्च उजाडायची वाट बघू नका.

बाळ लहान असताना पुन्हा जावंसं वाटेलच. पूर्ण ९० दिवस राहून ७ सप्टेंबरला परतलात, तर ७ डिसेंबरपासून पुन्हा जाता येईल, नव्या व्हिसावर.

*प्रश्न : पॅरिस, स्वित्झर्लंड आणि इटली, प्रत्येकी चार रात्री. एजंट म्हणतो, ज्या देशाची तारीख लवकर मिळेल तिथे अर्ज टाकू.*

टाकू नका. मुक्काम सगळीकडे सारखाच असेल तर जिथे आधी पाऊल ठेवाल त्या देशाकडे अर्ज करायचा. पॅरिसला उतरणार असाल तर फ्रान्स. रोमची तारीख लवकर मिळते म्हणून हवं तर प्रवासच खरोखर उलटा करा, त्यात काही गैर नाही. पण कागदावर एक मार्ग आणि मनात दुसरा, हे सीमेवर उघडं पडलं तर व्हिसा तिथल्या तिथे रद्द होऊ शकतो. पॅरिसहून रेल्वेनं लंडन बघून परत यायचा बेत असेल, तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा आणि शेंगेनवर किमान दोन प्रवेश हवेत.

*प्रश्न : माझा अर्ज नाकारला. आता किती वर्षं थांबावं लागेल?*

अजिबात नाही, थांबण्याची अशी मुदत नसते. नकारासोबत आलेल्या छापील फॉर्मवर कोणत्या कारणापुढे खूण आहे ते आधी बघा. प्रवासाचा हेतू पटला नाही, की परत येण्याबद्दल शंका आहे? अपील करता येतं. पण तुमच्याकडे त्या कारणाला उत्तर देणारा नवा कागद असेल, तर नवा अर्ज बहुधा लवकर मार्गी लागतो. पुढे कुठल्याही देशाच्या अर्जात ‘पूर्वी नकार मिळाला आहे का’ असं विचारलं, तर ‘हो’ लिहा आणि कारणही लिहा.