अमेरिकन इतिहासावर लिहायला घेताय? वंशवाचक शब्दांचं एवढं बघा

कुठला शब्द चालतो आणि कुठला नाही याची यादी मागितलीत, पण यादीच्या मागे लागू नका, ती थोड्या वर्षांत शिळी होते. सुरुवातीला एवढं पुरे:

१. शब्द कुठल्या काळातला ते आधी बघा. कृष्णवर्णीयांसाठीचा 'नीग्रो' हा शब्द मार्टिन ल्यूथर किंग १९६३ च्या वॉशिंग्टनच्या भाषणात स्वतः वापरतात, तेव्हा तोच सभ्य धरला जायचा. मग साठचं दशक संपता संपता 'ब्लॅक' पुढे आला आणि १९८८ च्या सुमारास नागरी हक्क चळवळीतले नेते जेसी जॅक्सन वगैरे मंडळींनी 'आफ्रिकन अमेरिकन'चा आग्रह धरला. सरकारी कागद नेहमीप्रमाणे मागेच, २०१० च्या जनगणनेच्या फॉर्मवर 'नीग्रो' होताच!

२. जुनं अवतरण 'सुधारू' नका. नवे लोक हमखास हेच करतात, १९५० च्या माणसाच्या तोंडी आजचा शब्द घालतात आणि मग सगळंच खोटं वाटतं. अवतरणात मूळ शब्द, तुमच्या वाक्यात आजचा. शिवीच असेल तर अगदी अडलं तरच द्या.

३. देश बघा. 'कलर्ड' अमेरिकेत आज खटकतो, दक्षिण आफ्रिकेत मात्र जनगणनेत तो अजून मिश्र वंशाच्या लोकांचा अधिकृत गट आहे.

आणि हो, "कृष्णवर्णीय लोक ती शिवी आपसात वापरतात मग आपण का नाही" या वादात आत्ता शिरूच नका, त्यात फक्त वेळ जातो. इंग्रजीत 'Black' मधला बी कॅपिटल लिहायचा का, हे प्रकरणही राहू दे, देवनागरीत तो प्रश्नच नाही. पहिला मसुदा झाला की दाखवा, बघतो.