तणस जाळू नका, तीन आठवडे थांबा

प्रश्न : यंदा हार्वेस्टरने धान कापला. बांधीभर (धानाच्या शेतभर) तणस, म्हणजे धानाचा पेंढा, पसरलं आहे आणि आता मका पेरायचा आहे. मागच्या वर्षी रोटावेटरने तणस गाडून लगेच पेरलं, तर मका वीतभर असतानाच पिवळा पडला. शेजारी म्हणतात, काडी लावून मोकळा हो. काय करू?
– एक शेतकरी, ता. लाखनी, जि. भंडारा

उत्तर : भाऊ, काडी लावू नका, हात जोडून सांगतो.

मका पिवळा पडला तो गाडल्याबरोबर पेरल्यामुळे. धानाच्या तणसात कर्ब (कार्बन) भरपूर आणि नत्र (नायट्रोजन) अगदी कमी. ते कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र स्वतःसाठी ओढून घेतात आणि कोवळं पीक उपाशी राहतं. कुजणं पूर्ण झालं की नत्र मोकळं होतं, पण तोवर मका मागे पडलेला असतो.

जाळलं तर तणसातलं जवळजवळ सगळं नत्र धुरात जातं. टनामागे ५ ते ८ किलो नत्र असतं. पालाश (पोटॅशियम) तर पोटॅश खताच्या अर्ध्या पोत्याइतका! राखेत पालाश उरतो, असं लोक म्हणतात. उरतो, पण ती राख वाऱ्यानं धुऱ्यापलीकडे जाते.

निम्मं तणस उचलून गुरांसाठी ढीग लावा. आपल्याकडे उन्हाळ्यात वैरणीला त्याचाच आधार, आणि शेणखत होऊन ते वावरात परतही येतं. उरलेलं बारीक करा, टनाला ८ ते १० किलो युरिया आणि १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट विखरा आणि ओल असेतोवर गाडा. ओल उडाली असेल तर हलकं पाणी द्या. कोरड्या मातीत तणस कुजत नाही. मग निदान तीन आठवडे पेरणीचं नाव काढू नका. थांबणं जिवावर येतं, पण इथेच पीक वाचतं.

पेरणी सरी-वरंब्यावर करा. चिखलणीच्या बांधीत खालचा थर घट्ट असतो, आणि पाणी साचलं तर मका तसाही पिवळा पडतो. युरिया पेरणीला, पीक गुडघाभर झाल्यावर आणि तुरा निघण्याआधी, असा तीनदा विभागून द्या.

तरीही पिवळेपणा दिसला तर आधी पान नीट पाहा. खालची जुनी पानं टोकापासून मधल्या शिरेने पिवळी होत असतील तर नत्र कमी आहे. वरच्या कोवळ्या पानांवर बुडाकडे पांढरट पट्टे असतील तर जस्त कमी. पुढच्या पेरणीआधी एकरी ८ ते १० किलो झिंक सल्फेट द्या, मात्र सुपर फॉस्फेटमध्ये मिसळून नको.