अवघड सुडोकूत गाडी अडते कुठे? वाचकांच्या प्रश्नांची उत्तरं

या वेळच्या बहुतेक पत्रांत तक्रार एकच आहे: सोपं आणि मध्यम सुडोकू सुटतं, पण अवघड कोड्यात पंधरा-वीस आकडे भरून झाले की पुढे काही सुचत नाही. त्यातले सात प्रश्न इथे घेतले आहेत. सोयीसाठी आडवी ती ओळ, उभा तो रकाना आणि तीन बाय तीनची ती पेटी, असं म्हणू. पेट्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून उजवीकडे मोजायच्या, एक ते नऊ. ४-८ म्हणजे चौथ्या ओळीतलं, आठव्या रकान्यातलं घर. २/९ म्हणजे त्या घरात २ किंवा ९ यांपैकी एकच बसू शकतो. एक रिकामी चौकट आखून, पेन्सिल हातात घेऊनच वाचा. नुसतं वाचून यातलं फारसं डोक्यात राहत नाही.

प्रश्न: अर्धवट सुटलेल्या कोड्याचा फोटो पाठवत आहे. प्रत्येक रिकाम्या घरात सगळ्या शक्यता लिहिल्या आहेत, तरी पुढचं पाऊल दिसत नाही. माझं काय चुकतंय? (निवृत्त शिक्षिका, सातारा)

फोटो मोठा करून पाहिला. सातव्या ओळीत ७-९ मध्ये तुम्ही पेनाने ६ पक्का केलाय, आणि त्याच ओळीत ७-३ मध्ये पेन्सिलीचा ६ तसाच राहिलाय. तिथे २/६ लिहिलं आहे. ६ खोडला की २ उरतो. तुमचं कोडं एवढ्यावरच अडलं होतं!

हे मुद्दाम सांगतोय, कारण माझ्याकडे येणाऱ्या अडलेल्या कोड्यांत सगळ्यात जास्त वेळा हेच सापडतं. नवी युक्ती शोधण्याआधी जुन्या नोंदी तपासा. पेनाने एक आकडा लिहिला की त्याची ओळ, त्याचा रकाना आणि त्याची पेटी या तिन्हींमधून तो पेन्सिलीचा आकडा लगेच खोडायचा, पुढचा विचार त्यानंतर. अवघड कोड्यात आकडा भरण्याची संधी क्वचित येते, बाकी सगळी वाटचाल खोडण्याची असते. म्हणून खोडणं चोख हवं.

दुसरं, सुरुवातीलाच सगळ्या शक्यता लिहू नका. तीस आकडे दिलेले असतील तर एक्कावन्न घरं रिकामी असतात. प्रत्येकात तीन-चार बारीक आकडे म्हणजे दीडशेच्या वर नोंदी, आणि त्यात डोळा हरवतो. थॉमस स्नायडर हा अमेरिकन खेळाडू २००८ मध्ये आपल्या गोव्यात झालेल्या जागतिक सुडोकू स्पर्धेचा विजेता. त्याच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत अशी: एखादा आकडा एका पेटीत नेमक्या दोनच घरांत बसत असेल तरच त्या दोन घरांच्या कोपऱ्यात तो लिहायचा, एरवी काहीच लिहायचं नाही. या नोंदींवर कोडं जिथवर जाईल तिथवर न्या. ते थांबलं की मग उरलेल्या घरांत पूर्ण शक्यता लिहा. तोवर घरं कमी उरलेली असतात आणि कागदही स्वच्छ राहतो.

प्रश्न: तीन घरांत मिळून तीनच आकडे असले की ते बाकीच्या घरांतून खोडायचे, हे माहीत आहे. पण तिन्ही घरांत तिन्ही आकडे असावे लागतात ना? (कोल्हापूर)

नाही, आणि या गैरसमजापायी कितीतरी तिकड्या हातून निसटतात. एका ओळीत १/४, ४/७ आणि १/७ अशी तीन घरं असतील तर ती पक्की तिकडी आहे. एकाही घरात तिन्ही आकडे नाहीत, पण तीन घरांना मिळून १, ४, ७ एवढेच आकडे आहेत. त्या ओळीतल्या उरलेल्या घरांतून १, ४, ७ बिनधास्त खोडा.

लपलेली जोडी याच्या उलट दिशेने सापडते. पाचव्या पेटीत ३ आणि ८ हे दोन्ही आकडे फक्त ५-४ आणि ६-६ मध्येच बसतात असं समजा. ५-४ मध्ये १/३/६/८ लिहिलेलं असलं तरी तिथे ३/८ एवढंच ठेवायचं, १ आणि ६ गेले. घराकडे बघून ही जोडी दिसत नाही. आकडा धरून 'हा या पेटीत कुठे कुठे बसतो?' असं विचारलं तरच दिसते.

प्रश्न: एक्स-विंगची व्याख्या पाठ आहे, पुस्तकातल्या आकृतीत कळतेही. पण प्रत्यक्ष कोड्यात ती मला आजवर एकदाही सापडलेली नाही. (बारावीचा विद्यार्थी, पुणे)

एक्स-विंग म्हणजे दोन ओळी आणि दोन रकाने जिथे छेदतात त्या चार घरांत एकाच आकड्याच्या जागांचा चौकोन, आणि तू शोधताना बहुधा तो चौकोनच शोधतोस. चौकोन डोळ्याला दिसत नाही, कारण त्याच्या चार कोपऱ्यांमध्ये इतर आकड्यांची गर्दी असते. त्याऐवजी जोड्या शोध. एक आकडा घे, समज ७. पहिल्या ओळीपासून नवव्या ओळीपर्यंत जा आणि ज्या ओळीत ७ ला दोनच जागा उरल्यात तिथे समासात रकान्यांचे क्रमांक लिही. दुसऱ्या ओळीपुढे '३, ८', सहाव्या ओळीपुढे '३, ८'. समासात तीच जोडी दोनदा आली, एक्स-विंग सापडली.

आता ती का चालते ते पाहा, म्हणजे पाठ करायची गरज उरणार नाही. दुसऱ्या ओळीतला ७ जर २-३ मध्ये असेल तर तिसऱ्या रकान्याचा ७ झाला, मग सहाव्या ओळीतला ७ ६-८ मध्ये जाणार. उलट तो २-८ मध्ये असेल तर सहाव्या ओळीतला ६-३ मध्ये येणार. कसंही झालं तरी तिसऱ्या आणि आठव्या रकान्यांचे ७ या दोन ओळींनीच वापरले. म्हणून त्या दोन रकान्यांत इतर ओळींमध्ये लिहिलेले ७ खोडायचे. जोडी ओळीत सापडली तर खोडणं रकान्यात, आणि जोडी रकान्यात सापडली तर खोडणं ओळीत. इथे बरेच जण उलट करतात.

आणि समासात जोडी तंतोतंत जुळली नाही म्हणून पुढे जाऊ नकोस. दुसऱ्या ओळीपुढे '३, ८' आणि सहाव्या ओळीपुढे '३, ९' आलं, तर ते स्कायस्क्रेपर. माझ्या अनुभवात हे एक्स-विंगपेक्षा जास्त वेळा भेटतं आणि कोडं उघडायला जास्त उपयोगी पडतं. २-३ आणि ६-३ एकाच रकान्यात आहेत, दोन्हींत ७ असू शकत नाही. म्हणजे २-८ आणि ६-९ यांपैकी निदान एकात तरी ७ आहेच. जी घरं या दोन्हींच्या टप्प्यात (म्हणजे त्यांच्या ओळीत, रकान्यात किंवा पेटीत) येतात, तिथे ७ शक्य नाही. आखलेल्या चौकटीत बोट ठेवून बघ: ४-८ आणि ५-८ ही घरं २-८ च्या रकान्यात आहेत आणि ६-९ च्या पेटीत. १-९ आणि ३-९ ही घरं ६-९ च्या रकान्यात आहेत आणि २-८ च्या पेटीत. या चार घरांतला ७ खोड.

स्वोर्डफिश म्हणजे हीच गोष्ट तीन ओळी आणि तीन रकान्यांत. समासात '१, ५', '५, ८' आणि '१, ८' अशा तीन नोंदी दिसल्या की झाली. प्रत्येक ओळीत तीन-तीन जागा असायलाच हव्यात असं नाही, वरच्या तिकडीसारखंच. पण स्वोर्डफिशच्या मागे सुरुवातीलाच लागू नकोस, आधी स्कायस्क्रेपर अंगवळणी पडू दे.

प्रश्न: एक्सवाय-विंगमध्ये कुठलं घर 'मधलं' धरायचं हे कळत नाही. (गृहिणी, ठाणे)

दोनच शक्यता उरलेल्या घरांभोवती हलकी पेन्सिल फिरवून घ्या आणि फक्त तीच घरं पाहा. आपल्याला अशी तीन घरं हवीत ज्यांत मिळून तीन आकडे आहेत आणि प्रत्येक आकडा दोनदा आलाय. उदाहरणार्थ ४-४ मध्ये २/५, ४-८ मध्ये २/९ आणि ६-५ मध्ये ५/९. आता बाकीच्या दोन्ही घरांशी ज्याचं नातं आहे ते मधलं. ४-४ आणि ४-८ एका ओळीत आहेत, ४-४ आणि ६-५ एका पेटीत आहेत. ४-८ आणि ६-५ यांचा मात्र एकमेकांशी काही संबंध नाही. म्हणून मधलं घर ४-४.

तिथे २ असेल तर ४-८ मध्ये ९ येणार. तिथे ५ असेल तर ६-५ मध्ये ९ येणार. दोन टोकांपैकी एकात ९ आहेच, म्हणून दोन्ही टोकांच्या टप्प्यातल्या घरांतून ९ जाणार: ४-५, ४-६, ६-७, ६-८, ६-९. एका फटक्यात पाच घरं! यातल्या शेवटच्या तीन घरांकडे लोक बघतच नाहीत. मधल्या घराच्या आसपासचं खोडतात आणि थांबतात. खोडताना मधलं घर विसरायचं आणि फक्त टोकांकडून बघायचं.

मधल्या घरात २/५/९ असे तिन्ही आकडे असतील तर ती एक्सवायझेड-विंग. तेव्हा ९ खुद्द मधल्या घरातही असू शकतो, म्हणून खोडण्याचं घर तिन्हींच्या टप्प्यात हवं. आपल्या उदाहरणात तशी दोनच घरं उरतात, ४-५ आणि ४-६.

प्रश्न: दिलेले आकडे जितके कमी, तितकं कोडं अवघड, हे बरोबर आहे का? (नाशिक)

नाही. एकच उत्तर असलेल्या सुडोकूला किमान १७ आकडे द्यावेच लागतात. १६ आकड्यांचं असं कोडं असूच शकत नाही, हे डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधले गॅरी मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये संगणकावर तपासून सिद्ध केलं. ऑस्ट्रेलियातले गणितज्ञ गॉर्डन रॉयल यांनी १७ आकड्यांची ४९ हजारांवर कोडी जमवली आहेत, आणि त्यातली कितीतरी कुठल्याही विंगशिवाय, साध्या एकेरी घरांवर (जिथे एकच शक्यता उरते) सुटतात. याउलट फिनलंडचे गणितज्ञ आर्तो इंकाला यांचं २००६ मधलं 'एआय एस्कार्गो' २३ आकड्यांचं आहे आणि भल्याभल्यांना घाम फोडतं. आकडे किती यापेक्षा ते कुठे बसवलेत यावर अवघडपणा ठरतो.

प्रश्न: 'कोड्याला एकच उत्तर आहे' हे गृहीत धरून आकडा भरणं ही फसवणूक आहे का? (बंगळूरु)

युनिक रेक्टँगलबद्दल विचारताय. १-२, ३-२ आणि १-५ मध्ये ३/८ आहे, ३-५ मध्ये ३/६/८ आहे. ३-५ मध्ये ६ नसेल तर चारही घरांत ३ आणि ८ ची अदलाबदल करता येईल आणि कोड्याची दोन उत्तरं होतील, म्हणून तिथे ६. मला ही फसवणूक वाटत नाही, पण चार अटी आहेत: दोन ओळी, दोन रकाने, दोनच पेट्या, आणि चारही घरं मुळात रिकामी असावीत. घरं चार वेगवेगळ्या पेट्यांत असतील तर हा युक्तिवाद लागूच होत नाही. घरी हाताने रचलेलं, न तपासलेलं कोडं सोडवत असाल तर ही युक्ती अजिबात वापरू नका, कारण मुळात उत्तर एकच आहे याचीच खात्री नसते. मी स्वतः ती शेवटी ठेवतो. तिने आकडा मिळतो, पण दिलेल्या आकड्यांवरून तो तिथे का येतो हे कळत नाही, आणि मला ते कळायला हवं असतं.

प्रश्न: अडलो की दोन शक्यतांच्या घरात एक आकडा पेनाने भरून पुढे जातो. चुकलं तर परत येतो. उत्तर येतंच, मग यात वाईट काय? (अभियंता, नागपूर)

उत्तर येतं, पण चुकीच्या वाटेने बारा घरं भरून झाल्यावर परतताना कुठली बारा हे आठवत नाही, आणि सबंध कागद वाया जातो. शिवाय आकडा लागला तर तो नशिबाने लागला, पुढच्या कोड्यासाठी हातात काहीच राहिलं नाही. दोन्ही वाटा एकाच वेळी बघायची पद्धत शिकून घ्या, तिला कलरिंग म्हणतात. रंग नसले तरी गोल आणि त्रिकोण चालतील, आणि काहीही भरावं लागत नाही.

आकडा ४ घ्या. पहिल्या ओळीत ४ ला दोनच जागा आहेत, १-२ आणि १-७. १-२ ला गोल काढा, १-७ ला त्रिकोण. सातव्या रकान्यात दोनच जागा, १-७ आणि ५-७, म्हणून ५-७ ला गोल. सहाव्या पेटीत दोनच, ५-७ आणि ६-९, म्हणून ६-९ ला त्रिकोण. सहाव्या ओळीत दोनच, ६-९ आणि ६-२, म्हणून ६-२ ला गोल. एक तर सगळे गोल खरे किंवा सगळे त्रिकोण खरे, तिसरा पर्याय नाही. मात्र साखळी पुढे नेताना प्रत्येक ठिकाणी जागा नेमक्या दोनच आहेत ना, हे बघा. तिसरी जागा निघाली तर साखळी तिथेच संपली.

आता दुसरा रकाना पाहा. १-२ ला गोल आहे आणि ६-२ लाही गोल आहे. एका रकान्यात दोन ४ येऊ शकत नाहीत, म्हणजे गोल खोटे. १-७ आणि ६-९ मध्ये पेनाने ४ लिहा, आणि तिसऱ्या पेटीत आणि नवव्या रकान्यात राहिलेले पेन्सिलीचे ४ त्याच क्षणी खोडा.